सुट्टीच्या दिवशी मित्रासोबत रेस पळायचीय? मग आधी हे ठरवा

सुट्टीच्या दिवशीची रेस म्हणजे सणाच्या सकाळी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी किंवा एखाद्या राष्ट्रीय सुट्टीला ठेवलेली पाच-दहा किलोमीटरची रोड रेस, आणि ती मित्रासोबत पळायचा बेत बहुतेक वेळा एका मेसेजवर ठरतो. "येतोस का?" "येतो." झालं, संपलं. पुढचं कुणीच काही बोलत नाही. मग रेसच्या दिवशी तिसऱ्या किलोमीटरला एकाला कळतं की अरे, मला वाटलं होतं आपण शेवटपर्यंत सोबत पळणार, आणि दुसरा तोवर गर्दीत दिसेनासा झालेला असतो, कारण त्याच्या डोक्यात सोबत फक्त घरून निघायचं होतं. रुसवेफुगवे इथेच होतात, ट्रेनिंग कमी पडलं म्हणून नाही. त्यामुळे मी शूज आणि डाएटपासून सुरुवात न करता या ठरवाठरवीपासून करतोय, बाकीचं सगळं तिच्यामागून येतं.

अशा रेसेस काही आजकालचं फॅड नाहीत बरं का. अमेरिकेत बफेलोमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी १८९६ पासून आठ किलोमीटरची रेस होते, बोस्टन मॅरेथॉन १८९७ पासून पेट्रियट्स डेच्या सुट्टीला धरून आहे, ब्राझीलमध्ये साओ पावलोची साओ सिल्व्हेस्त्रे १९२५ पासून ३१ डिसेंबरची रेस म्हणून ओळखली जाते, आणि अटलांटाची पीचट्री १९७० मध्ये ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सुरू झाली. बोस्टन सोडा, तिथे क्वालिफाय व्हावं लागतं, पण इतर ठिकाणी ही गर्दी नेहमीच्या रेसपेक्षा वेगळी असते: वर्षातून एकदाच पळणारे, मुलांना घेऊन आलेले, चित्रविचित्र वेश करून आलेले, आणि मधेच पर्सनल बेस्टच्या (म्हणजे स्वतःच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेच्या) मागे लागलेले चार सिरीयस लोक. ही गर्दी लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून बरंच काही ठरतं.

पहिली पायरी: सोबत म्हणजे नेमकं किती सोबत

तीन प्रकार आहेत, त्यातला एक निवडायचा आणि तोंडाने बोलून निवडायचा, "बघू तेव्हाचं तेव्हा" हा चौथा प्रकार नाही.

एक, सुरुवातीपासून फिनिशपर्यंत खांद्याला खांदा. यात पेस (म्हणजे एका किलोमीटरला किती वेळ लागतो तो वेग) हळू पळणाऱ्याचा, कायम, चर्चा नाही. दुसरा फास्ट असेल तर त्याने त्या दिवशी स्वतःच्या टायमिंगवर पाणी सोडायचं, आणि नंतर "मी एकटा असतो तर अमुक मिनिटांत केली असती" हे वाक्य कुणापाशीही काढायचं नाही, हे पण करारातच आलं.

दोन, एका ठरलेल्या जागेपर्यंत सोबत आणि मग मोकळे. दहा किलोमीटरची रेस असेल तर सातव्या किलोमीटरच्या बोर्डापर्यंत एकत्र, तिथून ज्याच्यात जे उरलंय ते त्याने काढायचं. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो, कारण दोघांनाही दोन्ही मिळतं, आणि निरोप घ्यायची जागा आधीच ठरलेली असल्याने पुढे जाणाऱ्याला टोचणी लागत नाही आणि मागे राहणाऱ्याला टाकून दिल्यासारखं वाटत नाही.

तीन, सोबत फक्त येणं, ट्रेनिंग, वॉर्मअप आणि नंतरचं खाणं, पळणं आपापलं. हाही पूर्ण सन्मानाचा प्रकार आहे, लोक उगाच त्याला स्वार्थी समजतात. फास्ट मित्राला खरंच रेस करायची असेल तर त्याने पहिल्याच दिवशी सांगावं, रेसच्या आदल्या रात्री नाही.

आणि एक पोटकलम: कुणाला त्रास झाला, दुखलं, बसावं लागलं तर दुसऱ्याने थांबायचं की पुढे जायचं? साध्या दमण्यासाठी "तू हो पुढे" म्हटलं तर पुढे जायचं, पण दुखापत किंवा चक्कर असेल तर दोघांची रेस तिथे संपली, असं ठरवून टाकलेलं बरं. ऐन वेळी धाप लागलेली असताना असले निर्णय नीट होत नाहीत.

दुसरी पायरी: दोघांमधला फरक मोजा

"तो माझ्यापेक्षा थोडा फास्ट आहे" हे माप नाही. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, सपाट रस्त्यावर, एकट्याने, जमेल तेवढ्या जोरात पाच किलोमीटर पळा आणि वेळ लिहा. रेस दहाची असेल तर पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनियरचं सत्तरच्या दशकातलं एक सूत्र आजही सगळीकडे वापरतात, त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होतो. म्हणजे पाचला ३० मिनिटं लागत असतील तर दहाला साडेबासष्टच्या आसपास, पाचला ३६ लागत असतील तर दहाला ७५. पाचमधला सहा मिनिटांचा फरक दहामध्ये साडेबारा मिनिटांचा झाला, हे बघा. (सूत्र गृहीत धरतं की लांब पळायची तयारी झालेली आहे, ती नसेल तर वेळ अजून वाढणार.)

आता हा फरक किलोमीटरमागे काढा. अर्ध्या मिनिटाच्या आत असेल तर डोळे मिटून सोबत पळा, कुणालाच जड जाणार नाही. अर्धं ते दीड मिनिट असेल तर सोबत जमतं, फक्त फास्ट वाल्यासाठी तो आरामाचा रन ठरेल. दीड मिनिटाच्या वर गेला तर पूर्ण रेस सोबत पळणं फास्ट वाल्याच्या पायांना पण विचित्र जातं, पावलं नैसर्गिक पडत नाहीत, आणि हळू वाल्यावर सतत दडपण राहतं ते वेगळंच. तिथे दुसरा किंवा तिसरा प्रकार घ्या, नाहीतर पळणं-चालणं आलटून पालटून करायची पद्धत वापरा, ती खाली येतेच.

तिसरी पायरी: रेस निवडणं आणि नाव नोंदवणं

अंतर दोघांपैकी कमी तयारी असलेल्याच्या हिशोबाने. आठवडे हातात आठच असतील आणि एकजण अजिबात पळत नसेल तर पाचच, दहाचा हट्ट नको.

रस्त्याचा नकाशा आणि त्याहून जास्त चढ-उताराचा आलेख बघा. पीचट्रीमध्ये मधल्या टप्प्यात एक चढ आहे, त्याला लोक कार्डिअॅक हिल, म्हणजे हृदयाची टेकडी, म्हणतात आणि तो नेमका हॉस्पिटलसमोरून जातो. साओ सिल्व्हेस्त्रे १५ किलोमीटरची, तिचा बदनाम चढ शेवटाकडे येतो आणि तिथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. तुमच्या रेसचा चढ कुठे आहे हे माहीत असेल तर निरोप घ्यायची जागा पण नीट ठरवता येते, चढाच्या पायथ्याशी कधीच ठरवू नका, माथ्यावर ठरवा.

फॉर्म भरताना अंदाजे वेळ विचारतात, त्यावरून स्टार्टचा गट मिळतो. सोबत पळायचं असेल तर दोघांनी एकच वेळ टाका, हळू पळणाऱ्याची. फास्ट वाल्याने स्वतःची खरी वेळ टाकली की तो पुढच्या गटात आणि तुम्ही मागच्या, आणि बऱ्याच रेसमध्ये मागे येऊ देतात पण पुढे जाऊ देत नाहीत. कट-ऑफ टाइम (किती वेळात रेस संपवावी लागते तो) किती आहे, मुलांची गाडी ढकलत न्यायला परवानगी आहे का, हेडफोन चालतात का, हे नियम वाचून घ्या. बिब (टी-शर्टवर लावायचा नंबराचा कागद) कधी आणि कुठे मिळणार तेही, कारण सुट्टीच्या आदल्या दिवशी घरी शंभर कामं असतात आणि अनेक ठिकाणी रेसच्या सकाळी बिब देत नाहीत. एकाने दोघांचं आणलं तर चालतं का ते विचारा, चालत असेल तर ओळखपत्राची कॉपी लागते शक्यतो.

मित्राचं ऐन वेळी कॅन्सल झालं तर त्याचं बिब तिसऱ्याला देऊन मोकळं होऊ नका. त्या नंबरामागे वय, लिंग, घरच्यांचा फोन आणि तब्येतीची माहिती असते. रस्त्यात काही झालं तर डॉक्टर चुकीच्या माणसाची माहिती वाचणार आणि फोन भलत्याच घरी जाणार. रिझल्ट बिघडतात तो वेगळा भाग. नाव बदलून देण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर पैसे गेले समजा.

चौथी पायरी: आठ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस पळणं पुरतं. त्यातला एक दिवस दोघांनी मिळून, बाकी दोन आपापले. सगळेच रन सोबत करायचा उत्साह पहिल्या आठवड्यात असतो पण त्यात एकजण कायम जास्त ताणला जातो आणि दुसरा कायम कमी, त्यामुळे नकोच. सोबतचा रन म्हणजे आठवड्यातला लांबचा, हळू रन. हळू म्हणजे किती, तर पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर पेस जास्त झाला. ही बोलण्याची टेस्ट दोघांनी द्यायची पण निकाल हळू पळणाऱ्याचा धरायचा.

जो अगदी शून्यापासून सुरू करतोय त्याने एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं असे आठ राउंड करावेत, साधारण २४ मिनिटं होतात. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं एक मिनिट चालणं, मग तीनास एक, पाचास एक, आणि हवं तर शेवटपर्यंत तसंच ठेवा. पूर्ण न थांबता पळलं तरच ते पळणं असा काही नियम नाही. पळणं-चालणं ही पद्धत लोकप्रिय केली जेफ गॅलोवेने, जो १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळाला होता आणि पीचट्रीची पहिलीच रेस जिंकला होता, तेव्हा ही आळशी लोकांची पळवाट आहे असं कुणी म्हणालं तर त्याला एवढं ऐकवा. दोन मित्रांमध्ये फरक मोठा असेल तर यापेक्षा चांगला तोडगा नाही: चालण्याचा ब्रेक ठरलेला असतो, त्यामुळे हळू वाल्याला "थांबूया का" असं विचारायची लाज वाटत नाही. फक्त ब्रेक दमायच्या आधी घ्यायचा असतो, दमल्यावर नाही, पहिल्या किलोमीटरपासून घड्याळ लावून.

लांबचा रन दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा, रेस पाचची असेल तर सहा-सात किलोमीटरपर्यंत, दहाची असेल तर आठ-नऊपर्यंत पोचलात तरी रेसच्या दिवशी उरलेलं निघून जातं. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा कमी पळा. नडगी, गुडघा, टाच यांत एकाच ठिकाणी टोचणारं दुखत असेल आणि पळताना वाढत असेल तर थांबा, मित्राला वाईट वाटेल म्हणून रेटू नका. नुसते दोन्ही पाय भरून आले असतील तर ते चालतंय.

सोबतच्या रनमध्ये रेसची रंगीत तालीम पण करून घ्या. कुणी कुठल्या बाजूला पळायचं, पाणी कसं प्यायचं, सकाळी काय खाल्लं की पोटात गडबड होत नाही, कुठल्या कपड्याने काखेत किंवा मांडीला घासून सालटं निघतात (तिथे व्हॅसलीन), कुठले मोजे फोड आणतात. रेसला नवीन काहीही नको, शूज तर नाहीच नाही, किमान काही आठवडे वापरलेले हवेत.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये रोइंग करणाऱ्यांवर एक छोटा अभ्यास केला होता, एकट्याने आणि टीमने तेवढाच व्यायाम करून, आणि टीमने एका लयीत केल्यावर त्यांची वेदना सहन करायची ताकद जास्त वाढलेली आढळली. लोक फार थोडे होते त्यामुळे यावरून मोठे दावे नकोत, पण पावलाला पाऊल मिळालं की सोपं जातं हे ज्याने अनुभवलंय त्याला पटेल.

पाचवी पायरी: शेवटचा आठवडा आणि आदली रात्र

पळणं निम्म्यावर आणा. या आठवड्यात केलेल्या मेहनतीचा फायदा रेसला मिळत नाही, थकवा मात्र मिळतो.

सुट्टीच्या रेसचा खरा शत्रू आदली रात्र आहे. पाहुणे, जागरण, जड जेवण, पिणं. कुणी संत होऊन बसा असं म्हणत नाही, पण आदल्या रात्री झोप कमीच होणार हे धरून त्याच्या आधीची रात्र भरपूर झोपा. जेवण नेहमीचं, थोडं लवकर, तळकट आणि फायबर जास्त असलेलं कमी. पाच-दहा किलोमीटरसाठी भाताचे डोंगर रिचवायची गरज नाही, तासाभराच्या पळण्याला पुरेल एवढं इंधन शरीरात आधीच असतं.

रात्रीच बिब टी-शर्टला समोरून लावून ठेवा, चार पिना, पोटाच्या वर. बिबच्या मागच्या बाजूला घरच्यांचा फोन, ऍलर्जी, चालू औषधं लिहा. बिबला वेळ मोजणारी चिप असेल तर ती दुमडू नका. आणि मित्राच्या घरच्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे का बघा, वर्षानुवर्षांच्या मित्राच्या बायकोचा किंवा आईचा नंबर आपल्याकडे नसतो कितीतरी वेळा.

सहावी पायरी: सकाळ

उलटा हिशोब करा. रेस सातला असेल तर पावणेसातला गटात उभं राहायचं, साडेसहाला वॉर्मअप, सहाला टॉयलेटची लाइन (ही लाइन तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट असते, दरवेळी), त्याआधी बॅग जमा करणं, त्याआधी पार्किंग, आणि सुट्टीच्या दिवशी रस्ते बंद असतात म्हणून त्यात अजून वेळ. खाणं रेसच्या दोन तास आधी, हलकं, केळं, ब्रेड असं काहीतरी तपासलेलं. रोज कॉफी लागत असेल तर घ्या, तिचा असर व्हायला पाऊण-एक तास लागतो, रोज घेत नसाल तर आज प्रयोग नको. पेनकिलर खाऊन पळायला जाऊ नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि घामाने कमी झालेलं पाणी मिळून किडनीवर ताण येतो.

भेटायची जागा "स्टार्टपाशी" अशी ठेवू नका, तिथे हजार माणसं असतात आणि गर्दीत मोबाइलचं नेटवर्क झोपतं. अमुक झाडाखाली, बॅगच्या काउंटरच्या डाव्या टोकाला, अमुक वाजता, असं. आणि रेसनंतरची जागा पण आत्ताच.

कपडे बाहेर आहे त्यापेक्षा साधारण दहा डिग्री जास्त गरम आहे असं समजून घाला, उभं असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वॉर्मअप दहा मिनिटं: हळू जॉग, पाय पुढे-मागे झुलवणं, शेवटी दोन-तीन वेळा पन्नास-साठ मीटर जरा वेगात. स्ट्रेचिंग करत एका जागी बसू नका.

गटात उभं राहताना तुमच्या पेसच्या लोकांत उभे राहा. पुढे उभं राहिलं की फोटो छान येतो हे खरं, पण मागून फास्ट लोक दोन्ही बाजूंनी घासत जातात आणि लहान मुलं असतील तर ते धोक्याचं आहे.

सातवी पायरी: पळणं

स्टार्टची मॅट (रस्त्यावर अंथरलेली, चिप वाचून वेळ नोंदणारी पट्टी) दोघांनी एकदम ओलांडा. याला कारण आहे: गन टाइम म्हणजे बंदूक वाजल्यापासूनचा वेळ, चिप टाइम म्हणजे तुम्ही मॅट ओलांडल्यापासूनचा. एकजण पाच सेकंद आधी गेला तर शेवटी सोबत पोचूनही त्याचा वेळ पाच सेकंद जास्त दिसणार, आणि मग त्यावरून वर्षभर कोट्या होतात.

पहिला किलोमीटर ठरलेल्या पेसपेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू. म्युझिक, गर्दी, ढोल, सगळं तुम्हाला पळवत असतं आणि पहिली पाच मिनिटं काहीच जड वाटत नाही, बिल नंतर येतं. घड्याळाची जबाबदारी एकाकडेच द्या, शक्यतो फास्ट वाल्याकडे, आणि त्याने ती ब्रेक लावायला वापरायची, पळवायला नाही.

सोबत म्हणजे दोघं शेजारी शेजारी, तिघं-चौघं आडवे कधीच नाही, मागच्यांचा रस्ता अडतो. वळणावर हळू वाला आतल्या बाजूला आणि फास्ट वाला बाहेरच्या. रस्ता मोजताना वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरची सगळ्यात जवळची रेघ धरतात, तेव्हा जो आत राहतो तो मोजलेल्या अंतराच्या जवळपास पळतो आणि जो बाहेर राहतो तो दर वळणाला थोडं जास्त. फास्ट वाल्याने हे जास्तीचं घ्यावं, त्याला परवडतं. घड्याळ दहाच्या जागी १०.१ किंवा १०.२ दाखवतं तेही बऱ्याच अंशी यामुळेच (शिवाय मोजलेल्या रेसमध्ये रस्ता कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरायची पद्धत आहे), त्यामुळे पेस किलोमीटरच्या बोर्डावरून बघा. समोरून वारा असेल तर फास्ट वाल्याने एक-दोन पावलं पुढे राहून आडोसा द्यायचा.

पण वारा नसताना मात्र पुढे राहायचं नाही! कायम अर्धं पाऊल पुढे पळणारा मित्र ही रनिंगमधली सगळ्यात चिडवणारी गोष्ट आहे. त्याला कळतही नसतं, तो आपल्या मते बरोबरच पळतोय, पण दुसरा ते अर्धं पाऊल भरून काढायला वेग वाढवतो, मग हा नकळत अजून वाढवतो, आणि किलोमीटरभरात पेस कुठल्या कुठे. फास्ट वाल्यासाठी नियम साधा आहे, खांदा मित्राच्या खांद्याच्या मागे राहिला तर चालेल, पुढे नाही.

बोलण्याचंही असंच. सोबत पळताना फास्ट वाल्याचं काम हळू वाल्यापेक्षा अवघड आहे, त्याला पाय सोपे पण तोंड सांभाळायचंय. "अजून थोडंच राहिलंय" हे तीन किलोमीटर बाकी असताना म्हणू नये. "कसं वाटतंय?" दर दोन मिनिटांनी विचारू नये, विचारलं की माणूस दुखतंय कुठे ते शोधायला लागतो. "मला तर काहीच वाटत नाहीये" हे तर अजिबात नको. त्याऐवजी छोटी, खरी माहिती द्या: "पुढच्या वळणानंतर उतार आहे", "पाणी दोनशे मीटरवर", "हा चढ एवढ्या झाडापर्यंतच आहे". किंवा काहीतरी गोष्ट सांगा, ऑफिसचं गॉसिप चालेल, अट एकच, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागू नये. काहींना शेवटच्या टप्प्यात पूर्ण शांतता हवी असते, ते आधी विचारून ठेवा आणि एक खूण ठरवा, हात खाली केला की गप्प, दोन बोटं वर केली की पेस कमी. दम लागलेल्या माणसाकडून वाक्यं काढून घेऊ नका.

हळू वाल्यासाठी पण एक गोष्ट आहे: सॉरी म्हणणं बंद करा. तुमच्या पेसवर पळायचं दोघांनी मिळून ठरवलंय, दर चढाला माफी मागितली की समोरच्याला उगाच धीर द्यायचं काम लागतं आणि श्वासही जातो.

चढावर पेस विसरा, श्वास धरा, पावलं छोटी. चालायचं असेल तर आधी कडेला या, हात वर करा, मग चाला, मधोमध अचानक थांबलात तर मागचा अंगावर येतो. पाण्याच्या स्टॉलवर पहिल्या टेबलावर गर्दी असते, शेवटच्या टेबलावरून घ्या, कप वरून चिमटून चोच करा आणि घोट घ्या, दोघांपैकी एकानेच दोन कप उचलले तरी चालतं. तहान लागेल तेवढंच प्या. पाचच्या रेसमध्ये नाही प्यायलात तरी बिघडत नाही, आणि भीतीपोटी लिटर लिटर पाणी पिणं उलट धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं.

ऊन आणि दमट हवा असेल तर ठरवलेला वेळ सकाळीच रद्द करा. किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद हळू निघालात तरी कुणी हसत नाही.

त्रास झाला तर

बरगडीखाली कळ आली तर पेस कमी करा, लांब श्वास सोडा, दुखतंय तिथे हाताने दाबून थोडं पुढे वाकून चाला, एक-दोन मिनिटांत सुटते बहुतेक वेळा. पोटरीत गोळा आला तर कडेला जाऊन हळूहळू ताणा, हिसका नको.

पण छातीत दुखणं, जबडा किंवा हातात कळ, चक्कर, आणि विशेषतः मित्र असंबद्ध बोलायला लागणं, तोल जाणं, उगाच चिडणं, यात "बस जरा पाच मिनिटं" करायचं नाही, लगेच व्हॉलंटियरला हाक मारा, मेडिकलला बोलवा. उन्हात बरळणारा माणूस म्हणजे उष्माघात समजायचा, घाम येत असला तरी. त्याला सावलीत घेऊन मिळेल तेवढ्या थंड पाण्याने, बर्फाने अंग गार करायला सुरुवात करायची, ॲम्ब्युलन्स यायची वाट बघत नुसतं बसायचं नाही. सोबत पळणाऱ्याचा खरा उपयोग इथे आहे. त्या माणसाला स्वतःला कळत नसतं की आपलं बिनसलंय, तुम्ही त्याला रोज ऐकता म्हणून तुम्हाला आवाजावरून कळतं.

फिनिश आणि त्यानंतर

हातात हात घालून फिनिश करायचं असेल तर बिनधास्त करा, मोजणारी मॅट तरी वेगळंच सांगणार. २०१६ च्या रिओ ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये जर्मनीच्या ॲना आणि लिसा हानर या जुळ्या बहिणी हात धरून आल्या, तरी निकालात ८१ आणि ८२ असे दोन नंबर लागले, मधे एक सेकंद. त्यांना मायदेशी टीका पण ऐकावी लागली, कारण ती ऑलिंपिक होती, तुमची सुट्टीची रेस आहे, तुम्हाला कोण बोलणार. फक्त हात धरून अख्खा रस्ता अडवू नका, आणि शेवटच्या शंभर मीटरला मित्राला फसवून स्प्रिंट मारायची असेल तर ती गंमत आधी ठरलेली असावी.

लाइन ओलांडली की थांबू नका, घड्याळ बंद करायला तिथेच वाकू नका (फोटोत सगळ्यांच्या माना खाली का असतात ते आता कळलं असेल), दहा मिनिटं चालत राहा. तुम्ही आधी संपवून मित्राला आणायला उलट जाणार असाल तर बिब काढून बॅगेत टाका आणि रस्त्यावरून न जाता बाजूने जा. चिप लावून परत फिनिश ओलांडलं की टायमिंग वाल्यांच्या डोक्याला ताप होतो, शिवाय काही रेसमध्ये उलट जाणं चालतच नाही.

ओले कपडे लगेच बदला, घामाच्या टी-शर्टमध्ये फोटो काढत अर्धा तास उभं राहिलं की थंडी भरते. तासा-दोन तासांत नीट जेवा, सुट्टीच आहे, जेवण तयारच असेल. पाय सगळ्यात जास्त दुखणार ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जिना उतरताना विशेष, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, चालत राहा, पण दोन-तीन दिवस पळू नका.

रिझल्ट लागला की दोघांची नावं, चिप टाइम आणि वयोगट बघून घ्या. कुणाचं नाव गायब असेल तर बिब नंबर, सोबत्याचा बिब नंबर आणि फिनिशचा फोटो घेऊन आयोजकांना लगेच लिहा. मित्र शेजारीच होता, त्याची वेळ नोंदलेली आहे, फोटोत दोघं दिसताय, एवढ्यावर बऱ्याचदा दुरुस्ती करून मिळते.